वैद्य आणि संशोधक : डॉ. सुनीती सॉलोमन

आपल्या सुशिक्षित घराण्यांतून डॉक्टर आता पुष्कळ निघतात. एखाद्या वाड्यात धाकटे काका डॉक्टर, आतेभाऊ डॉक्टर आणि नव्याने आलेली सूनही डॉक्टर, असे दृश्य विरळा नाही. परंतु या सर्वांत रोग्याची नाडी पाहून औषध देणारे किती, आणि तो रोग मुळात होतो कसा याचा छडा लावण्यात आयुष्य वेचणारे किती, असे विचारल्यास दुसऱ्या वर्गाची गणती एका हाताच्या बोटांवर संपते. कारण उघड आहे. वैद्यकाची पदवी हाती आली की घरची वडील मंडळी दवाखान्यासाठी जागा पाहू लागतात. त्याऐवजी चिरंजीव किंवा कन्या आणखी सहा-आठ वर्षे परीक्षानळ्या आणि रक्ताचे नमुने यांच्या सहवासात घालविणार असे कळले, म्हणजे 'मग एवढे शिकून मिळविले काय?' हा प्रश्न ठरलेला. आम्ही ज्या धाराशिवात बसून हे लिहीत आहो, तेथे अलीकडेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यात शिरणाऱ्या मुलामुलींपैकी दोघाचौघांना तरी या दुसऱ्या वाटेची ओढ लागावी अशी आमची इच्छा आहे, आणि म्हणूनच त्या वाटेने गेलेल्या एका महाराष्ट्रीय विदुषीची हकीकत आज वाचकांपुढे मांडीत आहो.

कै. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. आडनाव ऐकताच कित्येकांना गोमंतक आठवेल. परंतु सुनीतीबाईंचा जन्म १९३०च्या दशकाच्या अखेरीस मद्रास शहरी झाला व त्यांचे सारे आयुष्यही बव्हंशी तेथेच गेले. घराणे महाराष्ट्रीय, व्यवसाय चामड्याच्या व्यापाराचा. (या व्यापाराचे नाव काढताच ज्या घरांत एके काळी भुवया उंचावल्या जात, त्याच घरांनी पुढे या व्यापाऱ्याच्या कन्येचे विद्यार्जन कौतुकाने पाहिले असेल, काळ असा मौजेचा आहे.) आठ भावंडांत ही सातवी, आणि मुलगी अशी ही एकटीच. मुलांना लस टोचण्यासाठी आरोग्याधिकारी दरवर्षी घरी येत, आणि त्या वार्षिक भेटींमुळेच वैद्यकाची गोडी आपणांस लागली, असे त्यांनी उतारवयात सांगितले आहे. आमच्या पिढीतील बहुतेकांना टोचणाऱ्याची चाहूल लागताच माळ्यावर दडून बसल्याचे तेवढे आठवते; त्याच प्रसंगातून कोणाला आयुष्याचा मार्ग सापडावा, ही ज्याच्या त्याच्या बुद्धीची गोष्ट होय.

१८३५ साली स्थापन झालेल्या मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. हृदयाच्या शस्त्रक्रियेत पुढे ख्याती पावलेले डॉ. सॉलोमन व्हिक्टर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि उभयता परदेशी गेली. इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत सुनीतीबाईंनी विकृतिशास्त्राचे शिक्षण घेतले. रोगाने शरीरातील पेशींत काय बिघाड केला हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरविणारे ते हे शास्त्र. १९७३ साली पतिपत्नी मद्रासला परत आली. आपला उपयोग परक्या देशापेक्षा येथे अधिक आहे, असे सुनीतीबाईंना वाटत होते. ज्या काळात परदेशी गेलेला डॉक्टर तेथेच राहिला तर घरच्यांना अभिमान वाटे, त्या काळात हा निर्णय काही लहान नव्हे. परतल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. सूक्ष्मजंतुशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि आपल्याच महाविद्यालयाच्या सूक्ष्मजंतुशास्त्र विभागात अध्यापन करता करता प्राध्यापकपदास पोचल्या. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी रोगी पाहण्याचे शिक्षण, मग रोगाने केलेली नासधूस पाहण्याचे, आणि अखेरीस तो करणाऱ्या जंतूला ओळखण्याचे. एवढ्या तयारीला वीसेक वर्षे गेली, आणि पुढे जे घडले त्यात या तिन्हींचा उपयोग झाला.

१९८१च्या जून महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजलिस येथून एक लहानशी वैद्यकीय वार्ता प्रसिद्ध झाली. एरवी धडधाकट असलेल्या पाच तरुणांना एक विलक्षण न्यूमोनिया झाला होता; ज्यांची प्रतिकारशक्ती पार खचली आहे अशांनाच तो होतो. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांच्या मंडळींनी याच्या मुळाशी असलेला विषाणू हुडकून काढला. पुढे त्याला एचआयव्ही हे नाव मिळाले, आणि २००८ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा विषाणू करतो काय, हे सांगण्यास एकत्र कुटुंबाचाच दाखला घेऊ. आपल्या रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या नाना प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात. कोणी शत्रूला गिळते, कोणी रोगट पेशीचा नाश करते, कोणी शत्रूच्या अंगाला चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार करते. परंतु कोणी केव्हा व काय करावे याची सूचना देणारी एक निराळी पेशी असते; तिला साहाय्यक टी-पेशी किंवा सीडी-४ पेशी म्हणतात. घरात कर्त्या पुरुषाचे जे स्थान, तेच हिचे. एचआयव्ही नेमका या कर्त्यावर घाला घालतो. घर उभे असते, माणसे असतात, कोठारात धान्यही असते. पण सांगणारा कोणी नसल्यामुळे दाराशी आलेला भुरटा चोरही लूट करून जातो. एरवी आपले काहीही न बिघडविणारे क्षुद्र जंतू अशा रोग्याचा प्राण घेतात, आणि आपल्या देशात क्षयरोग त्यांत अग्रेसर असतो. या विषाणूची दुसरी कपट अशी की तो आपली माहिती उलट नक्कल करून पेशीच्या मूळ दप्तरातच घुसडून देतो. कुळकर्ण्याच्या बाडात एकदा खोटी नोंद शिरली की पुढील प्रत्येक उतारा खोटाच निघावयाचा, तसे हे आहे. म्हणून औषधाने हा रोग दबतो. शरीरातून समूळ जात नाही.

सुनीतीबाई हे सारे वाङ्मय बारकाईने वाचीत होत्या. आपल्याकडील हवा मात्र निराळी होती. हा स्वैर वर्तनाच्या पाश्चात्त्यांचा रोग. आमच्या कुटुंबसंस्थेच्या तटबंदीतून तो आत यावयाचा नाही, अशी सुशिक्षितांचीही समजूत होती. समजुतीला पुरावा विचारणे हे संशोधकाचे काम होय. १९८५ साली त्यांनी ठरविले की ज्यांना या रोगाचा धोका अधिक अशा स्त्रियांचे, म्हणजे देहविक्रयाच्या व्यवसायात पडलेल्यांचे, रक्त तपासून पाहावयाचे. हा विषय त्यांनी आपल्या एका विद्यार्थिनीस प्रबंधासाठी दिला. तिचे नाव सेल्लप्पन निर्मला.

निर्मलाबाईंची हकीकत वाचताना आम्हांस त्यांच्या धैर्याचे अधिकच कौतुक वाटले. वय बत्तीस, माहेर लहान गावातले व जुन्या वळणाचे, पदरी दोन लहान मुले. असल्या स्त्रियांना भेटावयाचे कसे, त्यांच्याशी बोलावयाचे काय, हेही त्यांना ठाऊक नव्हते, आणि प्रथम त्यांनी हा विषय नाकारलाही. पतीने धीर दिला; इतकेच नव्हे तर तो त्यांना आपल्या स्कूटरवरून पोचवू लागला. पोलिसांनी पकडून आणलेल्या स्त्रियांना मद्रासच्या मैलापूर भागातील एका सुधारगृहात ठेवीत असत. तेथे जाऊन निर्मलाबाईंनी तीन महिन्यांत ऐंशी नमुने जमविले. हातमोजे नाहीत, संरक्षणाचे दुसरे साधन नाही. दंडाला आवळण्याची पट्टी, सुई आणि पिचकारी एवढीच सामग्री. रक्तातून सीरम वेगळे काढण्यासाठी गुरुशिष्येने एक तात्पुरती प्रयोगशाळा उभारली, आणि नमुने ठेवण्यास सोय नव्हती म्हणून निर्मलाबाईंनी ते आपल्या घरच्या शीतकपाटात ठेविले. ज्या कपाटात मुलांचे दूध, त्याच कपाटात देशातील या रोगाचा पहिला पुरावा! आज कोणी असे करू म्हणेल तर त्याला कोणीही परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता.

एलायझा नावाची जी परीक्षा यासाठी लागे ती मद्रासला होत नव्हती. सुनीतीबाईंनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. टी. जेकब जॉन यांच्या विषाणुशास्त्र विभागात व्यवस्था लावली. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मलाबाई व त्यांचे पती बर्फाच्या पेटीत नमुने घालून रात्रीच्या गाडीने काटपाडी स्थानकावर उतरले आणि तेथून रिक्षाने रुग्णालयात गेले. त्या परीक्षेची रीत अशी : एका तबकडीत लहान लहान खळगे असतात, त्यांच्या बुडाशी विषाणूची प्रथिने लाविलेली असतात. त्यांत रोग्याचे सीरम घालतात. रोग्याच्या शरीराने त्या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली असतील तर ती बुडाशी चिकटून राहतात. नसतील तर धुताना सर्व वाहून जाते. मग रंग उत्पन्न करणारे द्रव्य घातले म्हणजे जेथे प्रतिद्रव्ये आहेत तेथेच रंग चढतो. थोडक्यात, विषाणू स्वतः दिसत नाही. त्याच्याशी झालेल्या झटापटीची शरीराने राखून ठेवलेली साक्ष दिसते. त्या दिवशी सहा खळगे पिवळे झाले.

सर्वांनाच धक्का बसला. परीक्षा पुन्हा केली; उत्तर तेच. तरीही कोणी त्याची दवंडी पिटली नाही. मंडळी मद्रासला गेली, त्या सहा स्त्रियांना शोधून त्यांचे रक्त नव्याने घेतले, आणि ते अमेरिकेस पाठवून वेस्टर्न ब्लॉट नावाच्या दुसऱ्या, अधिक काटेकोर परीक्षेने पडताळून पाहिले. या परीक्षेत विषाणूची प्रथिने त्यांच्या आकाराप्रमाणे एका पट्टीवर वेगवेगळी मांडतात आणि सीरम त्यांपैकी कोणकोणत्या प्रथिनांना चिकटते ते पाहतात, त्यामुळे चुकीला वाव फार थोडा राहतो. निकाल कायम झाला.

एवढी दगदग कशासाठी, असे वाचक विचारतील. याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. समजा, एखादी परीक्षा शंभर निरोगी माणसांपैकी एकालाच चुकून रोगी ठरविते. अशी परीक्षा आपणांस उत्तम वाटेल. आता समजा, दहा हजारांच्या वस्तीत खरे रोगी केवळ दहा आहेत. परीक्षा त्या दहांना पकडील, पण त्याबरोबर सुमारे शंभर निरोगी माणसांनाही पकडील. म्हणजे ज्यांच्या कपाळी शिक्का बसला त्या अकरांतील दहाजण निर्दोष! रोग जितका दुर्मीळ तितकी पहिल्या परीक्षेची साक्ष दुबळी. आजही कोणत्याही सरकारी केंद्रात एका परीक्षेवर विसंबून कोणास एचआयव्हीबाधित म्हणत नाहीत, ते याच कारणाने. घरात कोणाच्या पहिल्या तपासणीचा कागद हाती येताच रडारड आणि आरोप सुरू करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाटीवर मांडून पाहावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

सुनीतीबाईंनी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेस कळविले. परिषदेने पंतप्रधान राजीव गांधी व तमिळनाडूचे आरोग्यमंत्री डॉ. एच. व्ही. हंडे यांस सांगितले. मे १९८६ मध्ये डॉ. हंडे यांनी विधानसभेत ही वार्ता जाहीर केली. काहींनी ती खोटी म्हटली, काहींनी परीक्षेवर शंका घेतली. तटबंदीत भोक पडल्याचे कोणास आवडते?

केवळ संशोधक असत्या तर सुनीतीबाईंचे काम येथे संपले असते. निबंध छापला गेला असता, नाव झाले असते. परंतु आता रोगी येऊ लागले, आणि त्यांना हात लावावयास डॉक्टर तयार होत ना. इतर रुग्णालयांनी दाराशीच परत लाविलेली माणसे सुनीतीबाईंकडे येत. त्यांच्या पतीलाही त्यांनी या रोग्यांत काम करू नये असे वाटत होते. एकदा त्यांच्या कहाण्या ऐका, मग असे म्हणणार नाही, असे त्यांचे त्यावर म्हणणे असे. १९८८ साली त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात एड्स संशोधनाचा गट आणि स्वेच्छेने तपासणी करून घेणाऱ्यांसाठी सल्लाकेंद्र स्थापिले. देशात या प्रकारचे ते पहिले होय. १९९३ साली सरकारी प्राध्यापकाची सुरक्षित जागा सोडून त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र काढले. माहेरचे आडनाव असे दक्षिणेत एका मोठ्या कार्याला लागून राहिले, ही आम्हांस विशेष समाधानाची बाब वाटते.

आता जो भाग येतो तो आमच्या वाचकभगिनींनी लक्षपूर्वक वाचावा. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि १९९७ साली ती अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित आणि एकनिष्ठ. त्यांतील शेकडा १३.६ स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झालेली होती. सुनीतीबाईंच्या केंद्रातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३४ बाधित स्त्रियांची माहिती आहे. त्यांपैकी शेकडा ८१ गृहिणी, आणि शेकडा ८८ स्त्रियांचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला. रोग या स्त्रियांकडे आला तो घराच्या दरवाजाने, मंगळसूत्राच्या वाटेने आला. शील सांभाळणारीला भय नाही हे जे आपण मुलींना सांगत आलो, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. शीलाचा विचार आपण फक्त सुनेच्या बाबतीत केला, जावयाच्या बाबतीत त्याच्या पगाराचा केला, असे म्हटल्यास ते फार कठोर होईल काय?

यावर कोणी म्हणेल की मग लग्नापूर्वी पत्रिकेबरोबर रक्ताचाही दाखला सक्तीने मागावा. आम्ही या मताचे नाही. २०१७ साली झालेल्या व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने संबंधिताच्या संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही, आणि एकाचा निकाल दुसऱ्यास सांगण्यासही बंधने आहेत. शिवाय नुकतीच लागण झाली असता काही आठवडे प्रतिद्रव्ये दिसतच नाहीत, त्यामुळे असा दाखला पुष्कळदा खोटा भरवसा मात्र देतो. उभयतांनी समजून उमजून, एकत्र जाऊन तपासणी करून घ्यावी; वडील मंडळींनी ती गोष्ट तोंडातून काढणे सोपे करावे, म्हणजे झाले.

स्थळांच्याच बाबतीत सुनीतीबाईंनी केलेला एक उद्योग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाधित तरुण-तरुणींना औषधांमुळे आयुष्य लाभू लागले, तेव्हा घरच्यांचा लग्नाचा तगादाही सुरू झाला. रोग सांगावा तर सर्वस्व गेले, लपवावा तर एका निरपराध जिवाचा घात. सुनीतीबाई स्वतःच अशा मुलामुलींची लग्ने जुळवू लागल्या. धर्म, जात, शिक्षण, मिळकत हे आपले नेहमीचे तपशील, आणि त्यांच्या जोडीला रक्तातील विषाणूंचे प्रमाण व सीडी-४ पेशींची संख्या! गुणमेलनाच्या या नव्या कोष्टकाला प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की वधूवरांचे आयुर्मान पाहणे हाच जर पत्रिकेचा हेतू, तर तो येथे अधिक चोख साधला आहे. या कामावर 'लव्हसिक' नावाचा एक माहितीपटही निघाला आहे.

प्रयोगशाळेचे काम या गडबडीत मागे पडले नव्हते. बाधित व्यक्तीला लवकर औषध सुरू केले तर तिच्या जोडीदाराचे रक्षण होते काय, हे पाहण्यासाठी नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक मोठा प्रयोग झाला. एका जोडीदाराला बाधा, दुसरा निरोगी, अशी ही जोडपी. चेन्नईचे सुनीतीबाईंचे केंद्र व १९९२ साली पुण्यात स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ही दोन्ही त्यात सहभागी होती. २०११ साली निष्कर्ष आला तो असा की लवकर औषध दिल्याने जोडीदारास लागण होण्याचे प्रमाण शेकडा ९६ इतके घटते. म्हणजे औषध हेच एक प्रकारचे कवच ठरले. ज्या रोगाचे तीन औषधांचे मिश्रण एके काळी वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक किमतीस पडे, ते मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली परोपकारी संस्थेस साडेतीनशे डॉलरांस देऊ केले, आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ते मोफत देण्यास आरंभ केला. देशात आज सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. वेळेवर गोळ्या घेणारा मनुष्य नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. त्याच्याबरोबर जेवल्याने, त्याचे भांडे वापरल्याने, त्याच्या अंथरुणावर बसल्याने काहीही होत नाही. तथापि कित्येक घरांत त्याचे ताट अजून वेगळे मांडले जाते, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

२८ जुलै २०१५ रोजी सुनीतीबाई चेन्नईतील राहत्या घरी निवर्तल्या. २०१७ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. त्यांचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच रोगाच्या प्रसाराचा अभ्यास करतात. निर्मलाबाईंनी मार्च १९८७ मध्ये आपला प्रबंध सादर केला, परीक्षा दिली, आणि मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसी तयार करण्याच्या विभागात त्या रुजू झाल्या. २०१० साली त्या सेवानिवृत्त झाल्या.